न तुटलेली भाकरी

तक्बर पिठाला घाबरते, हे वाळवंटातल्या निर्वासितांच्या सगळ्या छावणीला ठाऊक होतं. विंचवाला ती घाबरत नसे, चपलेनं ठेचून मोकळी होई. वाळूचं वादळ आलं तर तंबूचे दोर आवळून आत शांत बसे. पण मदतीच्या ट्रकमधून गव्हाच्या पिठाची पोती उतरू लागली, की बाकीच्या बाया पदर खोचून पुढे सरसावत आणि ही अंगाभोवती गुंडाळलेल्या मलहफ्याचा पदर नाकावर दाबून वारा जिकडून येई तिकडे लांब जाऊन उभी राही. आपल्या वाटणीचं पीठ तिनं कधी घरात आणलंच नाही. जागच्या जागी कुणाशी तरी तांदळावर बदलून टाकायची. तिच्याकडे जायचं तर आधी दाराबाहेर उभं राहून कपडे झटकायचे, हात धुवायचे, मग आत.

शेजारच्या स्वेलमाची जीभ भारी तिखट. ती म्हणायची, "बाई, लोकांच्या दारात चपला काढतात. तुझ्या दारात काय कातडी काढून ठेवायची?" म्हणायची, पण झटकायचीही. कारण तक्बरचा पहिला मुलगा स्वेलमाच्याच मांडीवर गेला होता.

दोन वर्षांचा होता तो. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्यांसारखे. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं आईचं दूध बाधलं. तक्बर त्याला दिवसातून चार वेळा गव्हाची मऊ भाकरी दुधात कुस्करून भरवत राहिली. खाल्लं की ताकद येईल, एवढंच तिला माहीत होतं. तो गेल्यावर किती तरी दिवस तिच्या बोटांना त्या भाकरीचा वास येत होता.

मग नुएना झाली. तिसरं वर्ष लागलं आणि हिचंही पोट तसंच फुगायला लागलं, तेव्हा तक्बरच्या पायांखालची वाळू सरकली. या वेळी दवाखान्यात बाहेरून आलेला एक डॉक्टर होता. त्यानं रक्त तपासलं आणि सांगितलं, "गव्हात जो चिकटपणा असतो ना, तो हिच्या आतड्याला खातो. गहू बंद. चिमूटभरही नाही."

तक्बर घरी येऊन रडली ती सुटल्यासारखी. शत्रू एकदाचा कळला होता. तिचे वडील लेहबीब तेव्हा तिच्याकडेच जेवायचे. आयुष्य उंटांमागे गेलेला म्हातारा. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "मी सांगतच होतो! गहू हा ट्रकचा दाणा. तो आपला नव्हेच. आपला दाणा जव. जव खाऊन आम्ही उंटाच्या बरोबरीनं पळायचो. घाल माझ्या नातीला जव!" आणि आपल्या गाठीचं जवाचं पोतं त्यानं स्वतः खांद्यावरून आणून टाकलं.

तक्बरनं जव भाजले, दळले, रोज ताज्या भाकऱ्या केल्या. म्हातारा समोर बसून एकेक घास नातीच्या तोंडात घालायचा. आणि नुएना सुकत गेली. इतकी, की एका सकाळी तिला उचलताना तक्बरला वाटलं, अंगावरचं कापड तेवढं हातात आलंय. दवाखान्यातल्या परिचारिकेनं विचारलं, "खायला काय देता?" तक्बरनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. परिचारिका कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, जवातही तेच असतं!"

नुएना वाचली. पण त्या दिवसापासून तक्बरच्या घरात दोन गोष्टी बदलल्या. एक, तिला स्वतःच्या हातांची भीती वाटू लागली. आणि दुसरी, लेहबीबनं तिच्याकडे भाकरी खाणं सोडलं. ती काही बोलली नव्हती त्याला, हे खरं. पण माफ केलंय असंही कधी म्हणाली नव्हती. तो येई, चहा घेई, नातीच्या ताटाकडे बघत बसे आणि भाकरी पुढे केली की "पोट भरलंय" म्हणून उठून जाई. पाच वर्षं त्या म्हाताऱ्याचं पोट भरलेलंच होतं.

तक्बर मग भाकरी नव्यानं शिकली. दक्षिणेकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांकडून ज्वारी घ्यायची, वाटणीतले तांदूळ धुऊन वाळवायचे, दोन्ही घरच्याच जात्यावर दळायचं आणि मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचं. हे पीठ मोठं हट्टी. पाण्यात कालवलं की वाळूसारखं सुटतं. तिनं आधी उकळतं पाणी ओतून पाहिलं, त्यानं जरा ऐकलं. मग काटेरी तल्हाच्या झाडाचा डिंक भिजवून घातला, त्यानं आणखी थोडं. तव्यावर असेपर्यंत भाकरी शहाण्यासारखी वागायची. निवली की कडेनं चिरा जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी हात लावला की कटकन मोडायची. नुएना रोज तोच चुरा शेळीच्या दुधात घालून खायची आणि रोज कुरकुरायची, "स्वेलमाखालाची भाकरी कशी रुमालासारखी दुमडते! आपलीच अशी का?"

"आपली अशीच," तक्बर म्हणायची. डिंक मात्र कधी संपला नाही. लेहबीब बादियात, म्हणजे लांबच्या मोकळ्या चराऊ रानात, उंटांकडे गेला की मूठभर डिंक घेऊन यायचा आणि न बोलता उंबऱ्यावर ठेवून जायचा.

त्या वर्षी बादियात पाऊस झाला. कधी नव्हे ते गवत उगवलं, उंटिणींना दूध उतरलं. लेहबीब येऊन दारात बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "पोरीला घेऊन जातो थोडे दिवस. उंटिणीचं दूध मिळेल. हाडं भरतील."

"नाही," तक्बर म्हणाली.

"आठ वर्षांची झाली. अजून तिनं उंटीण व्यायलेली पाहिली नाही."

"तिथं तुम्ही काय खाता ते मला माहीत आहे, बाबा. वाळूत पुरून भाजलेली गव्हाची भाकरी. त्याच वाळूत, त्याच निखाऱ्यांत."

म्हातारा उठून निघून गेला. नुएना मात्र तंबूच्या खांबाला मिठी मारून बसली आणि तिनं जेवणच सोडलं. दूर सैन्याच्या ठाण्यावर असलेल्या नवऱ्याचा, देईदचा, फोन आला, तोही म्हणाला, "जाऊ दे गं. भीतीनं पोर जगवशील, पण वाढवशील कशी?" तक्बरला त्याचा राग आला, कारण ठाण्यावर बसून असं बोलणं सोपं असतं. पण शेवटी तिनं होकार दिला. अट एकच: भाकऱ्या मी करून देईन, पोर तेवढ्याच खाईल.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं डबा काढला आणि पीठ मळायला घेतलं. आणि त्या दिवशी काही तरी नवलच झालं. उंडा हातात गोळा होऊन राहिला. थापताना कडा फाटल्या नाहीत. भाकरी तव्यावर टम्म फुगली, आणि निवल्यावरही मऊच राहिली. तक्बर एकेक भाकरी उचलून बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. पाच वर्षं या पिठाशी झगडून एकदाचा हात बसला म्हणायचा! या खेपेचा डिंकही चांगला होता म्हणा. तिनं भाकऱ्या पांढऱ्या कापडी पिशवीत बांधल्या आणि सकाळी छावणीतल्या बुलाहीच्या लँडरोव्हरमध्ये आजोबांशेजारी बसलेल्या नुएनाच्या मांडीवर ती पिशवी ठेवून दटावलं, "हेच खायचं. मरत असलीस तरी दुसरं नाही."

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वेलमानं चहाला बोलावलं. जायला मन नव्हतं, पण एकटीनं घरात बसवतही नव्हतं. स्वेलमाची नवी सून माइमा दुसऱ्या छावणीतून नुकतीच लग्न होऊन आली होती. लाजरी, कामसू, सासूच्या जिभेखाली अजून रुळायची होती. निखाऱ्यांवर किटली होती. पहिला ग्लास झाला. तक्बरनं, जिनं कधी स्वतःच्या भाकरीचं नाव काढलं नव्हतं, त्या दिवशी काढलं.

"मऊ म्हणजे किती मऊ! दुमडली तरी मोडेना."

"आता तू आम्हाला शिकव हो," स्वेलमा ग्लासात उंचावरून चहा ओतत म्हणाली. "आमच्या सूनबाईंनी तीन दिवसांपूर्वी पाहुण्यांपुढे भाकरीच्या ठिकऱ्या-ठिकऱ्या करून ठेवल्या. माझा दीर म्हणतो, वहिनी, भाकरी वाढताय की कवड्या?"

माइमा लाल झाली. पदर ओढत हळूच म्हणाली, "माझी काय चूक? ते पीठच तसं होतं. पाहुणे अचानक आले, आमचं पोतं संपलेलं, तुम्ही गुडघा धरून झोपलेल्या. मी तक्बरखालाच्या घरी गेले. खाला बकऱ्यांकडे गेल्या होत्या. म्हटलं, नंतर सांगू. मागच्या खोलीतल्या डब्यातून घेतलं मी पीठ."

स्वेलमाचा हात हवेतच थांबला. चहाची धार ग्लासाबाहेर पडत राहिली.

माइमाला वाटलं, न विचारता घेतलं म्हणून सगळ्या गप्प झाल्या. ती घाईघाईनं तक्बरकडे वळली. "पण मी दुसऱ्याच सकाळी परत केलं हो, खाला! माझ्या आईनं शिकवलंय, शेजारणीचं घेतलं तर दीडपट करून द्यावं आणि बोलून दाखवू नये. तुमचं पीठ जुनं झालं असणार, धरतच नव्हतं. म्हणून आमच्या भावानं त्या रात्री गावातून आणलेलं चांगलं पांढरं पीठ होतं ना, गव्हाचं, ते डबा भरून ओतलं. वर नीट हलवूनही ठेवलं. म्हणून तर तुमची भाकरी मऊ..."

तिचं वाक्य पुरं झालंच नाही. तक्बर उठून उभी राहिली होती. तिसरा ग्लास झाल्याशिवाय कुणाच्या चहावरून उठायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या दिवशी स्वेलमानं तिला थांब म्हटलं नाही. तिच्या मागे स्वेलमा सुनेवर ओरडत होती, सून "पण काय झालं, काय झालं?" म्हणून रडत होती, आणि तक्बरला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला फक्त ती भाकरी दिसत होती. टम्म फुगलेली. आणि तिच्याकडे बघून हसणारी ती स्वतः.

हात बसला! कसला हात बसला? त्याच हातांनी तिनं पहिल्याला भरवलं होतं. त्याच हातांनी जव भरवले. आणि आता पिशवी बांधून, वर दम देऊन, हेच खा म्हणून सांगितलं. पोर आज्ञाधारक. खाणार. मऊ आहे म्हणून जास्तच खाणार.

बादियात फोन लागत नाही. बुलाही गाडी घेऊन नुकताच परतला होता आणि चाकाखाली पडून काही ठोकत होता.

"उद्या पहाटे," तो गाडीखालूनच म्हणाला. "आत्ता निघालो तर वाटेत अंधार पडेल. त्या बाजूला लढाईतले सुरुंग पुरलेले आहेत, ताई. मला बायको आहे."

"मला मुलगी आहे," तक्बर म्हणाली.

बुलाही बाहेर आला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "पहाटे. फटफटायच्या आत. शपथ."

उरलेल्या संध्याकाळी तिनं डबा उकिरड्यावर रिकामा केला, वाळूनं घासला, मग तो डबाच फेकून दिला. जातं धुतलं. परात, तवा, चाळणी, सगळं धुतलं. आणि मग ज्वारी-तांदूळ दळायला बसली. दळायची काही गरज नव्हती, पण हात थांबले की पोट फुगलेलं ते पहिलं लेकरू समोर येत होतं. तळहाताला फोड येऊन फुटले तरी ती दळत राहिली. माइमा दोनदा दाराशी येऊन रडून गेली. दुसऱ्या वेळी तक्बर एवढंच म्हणाली, "तू चांगलंच करायला गेलीस गं. जा, झोप." ते तिनं मनापासून म्हटलं होतं, कारण चांगलं करायला जाऊन काय होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघाली. बुलाहीनं गाणं लावलं, बंद केलं. पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं. निघाल्यापासून किती जेवणं झाली असतील, दर जेवणाला किती भाकऱ्या, हे ती मनात पुन्हा पुन्हा मोजत होती आणि पुन्हा पुन्हा चुकत होती. एका जागी उंटाचं मेलेलं पिल्लू दिसलं, पोट फुगून पडलेलं. तिनं डोळे मिटून घेतले ते दुपारपर्यंत उघडले नाहीत.

लेहबीबचा तंबू एका तल्हाच्या झाडाजवळ होता. म्हातारा बाहेर एकटाच बसला होता. नुएना कुठेच नव्हती. झाडाच्या फांदीला पांढरी कापडी पिशवी लटकत होती, रिकामी, वाऱ्यावर हलणारी.

म्हातारा उठला, आणि आमच्या लोकांचं जे असतं ते त्यानं सुरू केलं. "बरी आहेस ना? काही वाईट नाही ना? घर बरं? शेजारी बरे? देईद बरा? बकऱ्या बऱ्या? प्रवास बरा झाला? काही वाईट नाही ना?"

घर जळत असलं तरी ही विचारपूस तोडायची नसते. तक्बरनं दोनदा "बरं, बरं" म्हटलं आणि तिचा बांध फुटला. "बाबा, नुएना कुठंय? पिशवी रिकामी का? सगळ्या खाल्ल्या तिनं? सगळ्या?"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. चोरी पकडल्यासारखा तो खाली बसला आणि हातानं वाळू सारखी करू लागला.

"बोला ना!"

"तू रागावशील."

"बाबा!"

"नाही खाल्ल्या," तो पुटपुटला. "एकही नाही. मी दिल्याच नाहीत. उंटांना घातल्या सगळ्या. पोरीला सांगितलं, उंटानं पिशवीत तोंड घातलं. ती रडली. तिला दूध दिलं, भात दिला, खजूर दिले. रागाव तू हवं तर. पण मी भ्यालो."

तक्बर होती तिथे वाळूत बसली. "का? का नाही दिल्या?"

"पहिल्या मुक्कामाला पिशवी सोडली. तिच्यासाठी मोडायला एक घेतली." म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे करून दाखवलं, जणू भाकरी अजून हातात होती. "मोडेना. दुमडली. तक्बर, तुझी भाकरी दुमडत नाही गं. पाच वर्षं मी समोर बसून बघतोय, रोज मोडते, रोज कटकन आवाज येतो. तो आवाज ऐकला की मी उठायचो, आज पोर सुखरूप म्हणून. ही दुमडली. मला वाटलं, कुठून तरी गहू शिरला. मग वाटलं, नसेल, तुझा हात सुधारला असेल, उगाच लेकीच्या अन्नावर संशय कशाला घ्यायचा? पण माझा धीर होईना. एकदा झालंय माझ्या हातून. मी खूप भितो, बये. तुला काय वाटतं, एकटी तूच भितेस?"

तक्बरनं त्याचे हात धरले आणि ती मोठ्यानं रडू लागली. रडता रडता तिनं माइमाचं, डब्याचं, गावच्या पांढऱ्या पिठाचं सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता आणि त्याचा रंग उडत चालला होता. नुसता संशय होता तोवर त्याला लाज वाटत होती; खरं कळल्यावर त्यानं फांदीवरच्या पिशवीकडे पाठ फिरवली. बुलाही गाडीआड जाऊन उगाच चाकं तपासत राहिला.

तेवढ्यात उंटांच्या बाजूनं नुएना आली, दुधाचं लाकडी भांडं पोटाशी धरून, ओठांवर पांढरा फेस. गाल भरलेले वाटले, का ते उन्हानं लाल झाले होते, कोण जाणे. "आई! तू? काय झालं? कोण मेलं?"

"कुणी नाही," तक्बर म्हणाली. "कुणी नाही गं." आणि तिचं पोट चाचपून बघितलं. मऊ होतं, सपाट.

मग तिनं आदल्या रात्री दळून सोबत आणलेलं नवं पीठ काढलं. लेहबीब आपली जुनी चूल सोडून बराच लांब गेला, हातभर वाळू उकरून फेकून दिली आणि कोऱ्या जागी काटक्या पेटवल्या. तक्बरनं पाणी उकळलं, डिंक भिजवला, फुटलेल्या फोडांनी कळवळत पीठ मळलं. उंडा सुटत होता. कडा फाटत होत्या. ती फाटलेल्या कडेकडे बघून बोटांनी ती सांधत होती आणि दर वेळी तिचा जीव थोडा खाली येत होता.

भाकरी निवली तशी म्हाताऱ्यानं ती दोन्ही हातांत घेतली. तिघंही बघत राहिले. कटकन आवाज आला आणि चुरा त्याच्या मांडीवर सांडला.

नुएनानं नाक मुरडलं. "परत हीच? आजोबा, त्या उंटानं खाल्लेल्या कित्ती मऊ होत्या! आई, तशा कर ना."

"तशा नको," म्हातारा म्हणाला. त्यानं अर्धी भाकरी तिच्या हातात ठेवली आणि तिचं मनगट धरून ठेवलं. "नीट ऐक. मी उद्या नसेन, तुझी आईही रोज तुझ्या मागे नसेल. कुणीही भाकरी दिली, कितीही लाडानं दिली, आधी मोडून बघायची. मोडली तरच तोंडात घालायची. दुमडली तर आईकडे पळत यायचं. कळलं? आता मोड."

नुएनानं मोडली. आवाज आला. तिनं आधी आजोबांकडे बघितलं, मग आईकडे, आणि घास तोंडात घातला.

तक्बरनं उरलेली अर्धी बापापुढे धरली. पाच वर्षांची सवय. तो "पोट भरलंय" म्हणायला तोंड उघडतच होता.

"बाबा," ती म्हणाली, "खा आता."

लेहबीबनं ती घेतली, मांडीवरचा चुराही वेचून तळहातावर घेतला, आणि नातीकडे बघत बघत सावकाश खायला लागला.